वर्ज्य पेटी

१ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओच्या कोणत्याही केंद्रावर हार्मोनियम वाजणार नाही, असं ठरलं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लाहोर, पेशावर, लखनौ, त्रिचनापल्ली, ढाका: नभोवाणीचा पसारा तेव्हा एवढाच होता, आणि या सगळ्या ठिकाणी पेटी स्टुडिओबाहेर गेली. युरोपात महायुद्ध सुरू होऊन सहा महिने झाले होते. सरकारला काळज्या कमी नव्हत्या. तरीही सरकारी नभोवाणीला एका लाकडी वाद्याचा बंदोबस्त करायला सवड मिळाली. हा हुकूम एकतीस वर्षं टिकला. साहेब गेला, फाळणी झाली, राज्यघटना आली, भाषावार राज्यं झाली. पेटी मात्र बाहेरच्या बाहेर.

बंदी फक्त रेडिओपुरती होती. नाटकाच्या थिएटरात, कीर्तनात, भजनी मंडळात, गाण्याच्या क्लासात पेटी वाजतच होती. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही होती. घरी रोज पेटीवर रियाज करणारा गवई रेडिओवर गायला गेला, की त्याच्या मागे सारंगी किंवा व्हायोलिन बसे. एकच वाद्य स्टुडिओच्या दाराबाहेर संगीत होतं आणि आत आलं की गोंगाट.

कारण राजकीय नव्हतं. पेटीवर कोणी राजद्रोहाचं पद वाजवलं नव्हतं. तक्रार निव्वळ कानाची होती: हा आवाज संगीत नाही, उलट शेजारी बसून संगीत बिघडवतो. आणि या तक्रारीत तथ्य होतं, हीच या साऱ्या प्रकरणातली अडचण. फिर्याद खोटी असती तर आज तिच्यावर हसून मोकळं होता आलं असतं.

फिर्यादी होता जॉन फोल्ड्स नावाचा इंग्रज संगीतकार. १९२३च्या युद्धविराम दिनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याचं 'वर्ल्ड रिक्विएम' शेकडो गायकांनी गायलं होतं. त्याची बायको मॉड मॅकार्थी उत्तम व्हायोलिन वाजवायची. ती अॅनी बेझंट यांच्याबरोबर तरुणपणीच हिंदुस्थानात येऊन इथलं गाणं ऐकून, शिकून गेली होती, आणि बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरजागा, गळ्यातून काढून दाखवायची म्हणून लंडनमध्ये तिचं कौतुक झालं होतं. १९३५मध्ये दोघं इकडे आली. फोल्ड्स दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. त्याने हिंदी वाद्यांचा वाद्यवृंद बांधायचा खटाटोप केला, आणि १९३८मध्ये रेडिओच्या 'इंडियन लिसनर' या नियतकालिकात पेटीवर लेख लिहिला. शीर्षकातच त्याने वाद्याच्या नावाची मोडतोड करून त्यातला 'हार्म', म्हणजे अपाय, तेवढा वेगळा काढून दाखवला होता. पेटीचे स्वर मुळात चुकीचे लावलेले असतात, तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघत नाही, तिचा आवाज गायकाला झाकून टाकतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे तिच्या सहवासाने गायकाचा कान बिघडतो, असा त्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात पटकीने तो गेला. आपल्या लेखातून निघालेला हुकूम त्याने पाहिला नाही.

स्वर चुकीचे लावलेले, म्हणजे काय? इथे जरा पेटी उघडावी लागते. वरची फळी काढली की आत पितळी पट्ट्यांच्या रांगा दिसतात. प्रत्येक पट्टीला एक चीर आणि त्या चिरेवर एका टोकाला बसवलेली पितळी जीभ. भात्यातून आलेली हवा चिरेतून जाताना ही जीभ थरथरते, आणि तो आपला सूर. रीड म्हणतात ती हीच. सूर लावणारा कारागीर जिभेखाली पातळ पत्रा सरकवून तिला जरा उचलतो आणि कानसीने खरवडतो. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. एकदोन हात जास्त पडले तर उलट्या टोकाला जाऊन भरपाई करायची. तंबोऱ्यासारखं खुंटी पिळून, मणी सरकवून मैफलीत बसल्या बसल्या सूर जुळवायची सोय इथे नाही. एकदा जे खरवडलं ते खरवडलं.

आता प्रश्न असा, की कुठवर खरवडायचं. पेटी जिथून आली त्या युरोपात सप्तकाचे बारा एकसारखे भाग पाडायची रीत रूढ झाली होती, म्हणजे कुठल्याही पट्टीपासून सुरुवात करा, अंतरं तीच. सोय मोठी, पण फुकट नाही. समजा षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्याच्या तारेतून आपसूक उमटणाऱ्या गंधाराशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा येतो. पेटीचा गंधार येतो ३०२.४चा. फरक अडीच कंपनांचाही नाही. पण खर्जाच्या तारेतून निघणारा स्वयंभू गंधार आणि पेटीचा गंधार एकत्र ऐकले, की वरच्या स्वरांशांत थरथर सुरू होते, लाटा मोजता येतील इतकी स्पष्ट. तंबोऱ्याजवळ आयुष्य काढलेल्या कानाला ती खुपते. निषाद आणि धैवताची तीच गत. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार तर पेटीत नाहीच. तो एका पट्टीत मावणारा स्वरच नव्हे.

हे सगळं फोल्ड्सच्या आधी सत्तर-पंच्याहत्तर वर्षं एका जर्मन शास्त्रज्ञाने सांगून ठेवलं होतं. हर्मान हेल्महोल्ट्झचा स्वरसंवेदनेवरचा ग्रंथ १८६३मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवातच गोंगाट आणि सूर यांतल्या फरकापासून होते. हवेची कंपनं नियमित असली तर सूर, अनियमित असली तर गोंगाट. व्याख्या साफ आहे, आणि हेल्महोल्ट्झलाच पुढे ती पुरली नाही, कारण दोन नियमित सूर एकत्र आल्यावर जी खरखर होते तिचं काय करायचं, हा प्रश्न तिच्यातून सुटत नाही. पुस्तकाचा मोठा भाग त्यातच जातो. समान अंतरांवर लावलेल्या हार्मोनियमवर ही खरखर पियानोपेक्षा जास्त जाणवते, कारण रीडचा आवाज टिकून राहतो आणि त्यात वरचे स्वरांश भरपूर असतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याने स्वतःसाठी शुद्ध स्वरांतरांची हार्मोनियम मुद्दाम बनवून घेतली होती. म्हणजे पेटीवरचा पहिला आक्षेप तिच्या माहेरचाच.

वाद्य फ्रेंच. अलेक्झांद्र दबँ याने १८४२मध्ये पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. मोठी, पायाने भाता हलवायची, चर्चमध्ये ऑर्गनची गरज भागवणारी ती वस्तू मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर इकडे आली. आपल्याकडे तिला खुर्चीची अडचण होती. बैठकीत सगळे खाली बसलेले आणि वादकच तेवढा उंचावर, हे कसं चालायचं? कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८८०च्या दशकात हाताच्या भात्याची पेटी बाजारात आणली. पाय सुटले, पेटी जमिनीवर उतरली, डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर. घोषांच्या 'द्वारकिन' दुकानाने केवढी उलथापालथ केली याचा हिशेब बंगालने ठेवलाय. महाराष्ट्राने ठेवलेला नाही, कारण आपल्याला ही पेटी मुळातली आपलीच वाटते. बाजाची पेटी, पायपेटी, पेटीमास्तर, काळी एक, पांढरी चार: हे शब्द इतके अंगवळणी पडलेत, की त्यांच्या आधी गवई आपला सूर कसा सांगत असतील असा प्रश्नही पडत नाही.

ती आपली झाली ती मुख्यतः नाटकामुळे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८०मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं आणि पुढची पन्नास वर्षं मराठी माणूस गाण्यासाठी थिएटरात गेला. ध्वनिवर्धक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत सूर पोचवायला पायपेटी आणि ऑर्गन यांच्याइतकं भरवशाचं काही नव्हतं. जो दणदणीतपणा पुढे रेडिओच्या मायक्रोफोनसमोर दोष ठरला, तोच इथे गुण होता. हे नीट लक्षात ठेवायला हवं. मोठ्या थिएटरातलं आणि चार भिंतींच्या स्टुडिओतलं वाद्य एकच, पण मायक्रोफोनला अंतर कळत नाही. तो गायकाचा श्वास आणि पेटीचा भाता सारख्याच निष्ठेने टिपतो.

गोविंदराव टेंबे हे या नाट्यसंगीताच्या दुनियेतलं सर्वांत मोठं पेटीचं नाव. कोल्हापूरचा माणूस. भास्करबुवा बखल्यांची साथ केलेली. १९११मध्ये खाडिलकरांच्या 'मानापमान'ला चाली दिल्या. १९१३मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभी केली. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले. टेंबे पेटीवर गायकी वाजवायचे. म्हणजे काय, हे ज्याने कधी पेटी हातात धरलेली नाही त्याला सांगणं कठीण आहे. एक बोट उचलण्याआधी दुसरं अलगद उतरवायचं, दोन रीड क्षणभर एकमेकींत मिसळू द्यायच्या, त्याच वेळी भात्याचा दाब किंचित सोडायचा. पट्टी पुरती न दाबता अर्धवट उघडायची. मधल्या स्वराला नुसता कण लावून निघायचं. मींड निघत नाहीच. पण ऐकणाऱ्याचा कान मींडेला सरावलेला असतो, तो मधली जागा स्वतः भरून काढतो. आणि खुपणारा गंधार? त्यावर ठाण मांडून बसायचं नाही. उत्तम पेटीवाला कुठे थांबायचं नाही ते आधी शिकतो. सदोष यंत्रातून सुरेलपणा काढायची ही कला मराठी मुलखात जेवढी वाढली तेवढी इतरत्र क्वचितच. बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर आणि त्यांच्यामागे रामभाऊ विजापुरे, मुंबईत पी. मधुकर, मधुकर तर पेटीचं स्वतंत्र वादन करायचे.

दुसरीकडे पेटीचे दोष यंत्रातच दुरुस्त करायचा उद्योगही मराठी मुलखातच झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारेचं यंत्र घेऊन गवयांचे स्वर मोजले, अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना गाऊन दाखवलं, आणि १९१०मध्ये बावीस श्रुतींवरची त्यांची इंग्रजी पुस्तिका पुण्यात छापली गेली. मुंबई इलाख्यातले एक आयसीएस न्यायाधीश, अर्नेस्ट क्लेमंट्स, या कामाने भारले गेले. दोघांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. ती बांधली लंडनच्या मूर अँड मूर कंपनीने. डेप्युटी कलेक्टर आणि न्यायाधीश यांनी मिळून भैरवीची हद्द कायम करावी, हे त्या काळाला शोभणारंच होतं. १९१६मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे हे वाद्य मांडलं गेलं. भातखंड्यांनी ते मानलं नाही. गवयाचा कोमल ऋषभ एका रागात एक, दुसऱ्यात दुसरा, आणि गवयागणिकही निराळा. तो लंडनच्या कारखान्यातल्या रीडला विचारून लागत नाही, असा त्या बाजूचा सूर होता. परिषद संपली आणि श्रुती-पेटी कोपऱ्यात गेली.

काही पेटीवाल्यांनी मात्र गाजावाजा न करता मधला मार्ग काढला. गांधार ट्यूनिंग म्हणतात ते हेच. एका ठरावीक षड्जासाठी पेटीचे स्वर शुद्ध करून घ्यायचे. काळी एकमध्ये गाणाऱ्यासाठी पांढरी चारचा गंधार कानसीने उतरवला, की तंबोऱ्याशी तो असा मिसळतो, की पेटी आहे हे विसरायला होतं. पण मग पांढरी एकमध्ये गाणारा आला की तीच पांढरी चार त्याचा मध्यम होते, आणि मध्यम उतरलेला! एक पेटी, एक गळा. ज्याला दहा गायकांची साथ करून पोट भरायचं होतं त्याला हे परवडणारं नव्हतं.

१९३५मध्ये बीबीसीतून आलेला लायोनेल फील्डन हिंदुस्थानच्या नभोवाणीचा पहिला नियंत्रक झाला. माणूस तऱ्हेवाईक आणि प्रामाणिक. इंग्रज अधिकाऱ्यांशी त्याचं जमत नसे, काँग्रेसबद्दल त्याला सहानुभूती होती, आणि या देशाचं जे खरं असेल तेच आपण हवेत सोडावं असं त्याला मनापासून वाटे. पेटी त्याला त्या खरेपणात बसत नव्हती. त्याच्या आधीही असे लोक होते. आनंद कुमारस्वामींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ग्रामोफोन आणि हार्मोनियम या दोन्हींवर झोड उठवली होती. आणि रवींद्रनाथ होते. ज्या जोडासाँकोच्या घरात भाऊ ज्योतिरिंद्रनाथांच्या पियानोवर त्यांची पहिली पदं बांधली गेली, तिथे विलायती सुरांचं वावडं नव्हतं. पण म्हातारपणी त्यांनी शांतिनिकेतनातून पेटी काढून इसराज आणली होती, आणि जानेवारी १९४०मध्ये कलकत्ता केंद्राला पत्र लिहून, आमच्या आश्रमात हे वाद्य हद्दपार आहे, तुमच्याकडेही व्हावं, असं सुचवलं. दोन महिन्यांच्या आत हुकूम निघाला. फील्डनला देशी आधार हवा होता; गुरुदेवांहून मोठा आधार कुठला मिळणार?

हुकुमामागची मांडणी बघण्यासारखी आहे. शास्त्राने सिद्ध केलेला दोष एकच होता, तो गंधार-धैवत-निषादाचा. तोच दोष पियानोत होता, आणि पियानो पाश्चात्त्य कार्यक्रमांत बिनबोभाट वाजत होता. तिथे तो दोष नव्हता, रीत होती. मींड जलतरंगावर निघत नाही, संतुरावर निघत नाही. त्यांना कोणी दार बंद केलं नाही. मग पेटीच का? मला वाटतं, कारण पेटी फार पसरली होती. ती स्वस्त होती, तिचा सूर रोज लावावा लागत नव्हता, ती शिकायला सोपी होती. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्गात शिकवायला पेटी घेतली. मध्यमवर्गातल्या मुली गाणं शिकू लागल्या त्या पेटीवर. सारंगी म्हटलं की कोठा आठवणाऱ्या घरांत पेटीला मज्जाव नव्हता. शिवाय सारंगीवाला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा कसबी, त्याला बोलवावं लागे, बिदागी द्यावी लागे. पेटी कोनाड्यात बसून राही. भजनी मंडळापासून शाळेच्या संमेलनापर्यंत जो आवाज सगळीकडे ऐकू येतो तो उच्च अभिरुचीच्या कानाला लवकरच गोंगाट वाटू लागतो. त्यात बेसूर पेट्याही ढिगाने होत्या, हे कबूल करायला हवं. पावसाळ्यात फुगलेली, एक रीड चिकटलेली, भाता फाटलेली शाळेतली पेटी ज्याने ऐकलीये तो फील्डनला अगदीच दोष देणार नाही.

बंदीचा एक परिणाम तिच्या कर्त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. सारंगी तेव्हा मागे पडत चालली होती. रेडिओने तिला नोकरी दिली. केंद्राकेंद्रांवर साथीला सारंगिये नेमले गेले. १९४४मध्ये लाहोर केंद्रावर रुजू झालेला असाच एक तरुण म्हणजे रामनारायण. फाळणीनंतर ते दिल्ली केंद्रावर आले, मग मुंबई गाठली, आणि पुढे सारंगी एकट्याने जगभर ऐकवली. पण याच दशकात सरदार पटेलांकडे नभोवाणीचं खातं असताना, ज्यांचं खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना कार्यक्रम देऊ नयेत, असाही दंडक निघाला. म्हणजे ज्या बैठकीत सारंगी वाढली ती बैठक बाहेर, तिची सारंगी आत. आणि ज्या सोज्वळ घरांनी गाणं उचलून धरलं ती घरं आत, त्यांची पेटी बाहेर. सरकारी अभिरुचीचा हा हिशेब कधी कोणी कागदावर मांडला असता तर मांडणाऱ्यालाच हसू आलं असतं.

स्वातंत्र्यानंतर हुकूम रद्द होईल अशी आशा असलीच तर ती एका मराठी माणसाने मोडली. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. पॅरिसहून डॉक्टरेट आणलेले, स्वतः गाणं शिकलेले, आणि अभिजात संगीत वाचवायचं तर ते रेडिओनेच, अशी ठाम श्रद्धा असलेले. त्यांनी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला, कलाकारांच्या श्रेणी ठरवायला श्रीकृष्ण रातंजनकरांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमलं, नावाजलेल्या गवयांना परीक्षेला बसायला लावून त्यांचा रोषही ओढवून घेतला. चित्रपटगीतं तर त्यांच्या लेखी गोंगाटच होती. ती रेडिओवरून जवळजवळ नाहीशी झाली आणि अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला. १९५७मध्ये विविध भारती काढून सरकारला तिथे माघार घ्यावी लागली. पेटीच्या बाबतीत माघार नाही. सिनेमाच्या गाण्यांमागे लाखो श्रोते होते, ते सुई फिरवून कोलंबो लावू शकत होते. पेटीसाठी सुई फिरवणारं कोणी नव्हतं. ऐकणाऱ्याला पेटी गायकाच्या मागे हवी असते. ती नसली तर गाणं जरा उघडं वाटतं, पण म्हणून कोणी केंद्र बदलत नाही.

त्या वर्षांत पुण्याच्या आकाशवाणीवर पु. ल. देशपांडे नोकरीला होते. महाराष्ट्रातला बहुधा सर्वांत लाडका पेटीवाला ज्या इमारतीत रोज हजेरी लावायचा तिथे पेटी निषिद्ध होती. यावर त्यांनी काय कोट्या केल्या असतील त्या ज्याच्या त्याने कल्पाव्यात. टेंबे १९५५मध्ये गेले. ज्यांनी पेटीला गायला शिकवलं त्यांच्या निधनाच्या वेळीही आकाशवाणीच्या दृष्टीने ते वाद्य संगीताच्या हद्दीबाहेरच होतं.

मैफलीत मात्र उलटं घडत गेलं. सारंगिये कमी कमी होत गेले, आणि ख्याल गाणाऱ्यांच्या मागे पेटी कायमची बसली. गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर: ही साथ ऐकून वाढलेल्या पिढीला पेटीशिवायचं गाणं कल्पनेतही येईना. गवयाने तान टाकली की तिच्या शेपटीला धरून पेटी तोच मार्ग पुन्हा चालून दाखवते, तेवढ्यात गवई श्वास घेतो. कोणी बुजुर्ग गवई डोळे मिटून शुद्ध गंधारावर थांबला, की जाणता पेटीवाला हात आखडता घेतो. तिथे पट्टी दाबायची नाही. षड्ज किंवा पंचम धरून ठेवायचा आणि गंधार गळ्यावर आणि तंबोऱ्यावर सोडायचा. फोल्ड्सचा आक्षेप तिथे उत्तर न देता निकालात निघतो. खुपणारा स्वर वाजतच नाही.

अखेर परिसंवाद झाले, तज्ज्ञांनी निबंध वाचले, तेच जुने आकडे आणि तोच गंधार नव्याने चर्चिला गेला, आणि १९७१मध्ये बंदी सैल झाली. सैल, उठली नव्हे. वरच्या श्रेणीतल्या कलाकारांना साथीला पेटी घ्यायची मुभा मिळाली. पेटीच्या स्वतंत्र वादनाला पुढेही वर्षानुवर्षं दार उघडलं नाही. या नियमाचं तर्कशास्त्र मी कितीतरी दिवस समजून घ्यायचा प्रयत्न केला. मोठ्या गवयाचा कान पक्का, तो बिघडणार नाही, धाकट्याचा बिघडेल, असं काहीतरी ते असावं. प्रत्यक्षात अर्थ असा झाला, की तीच पेटी, तोच वादक, तोच राग. पुढे बसलेल्या गायकाची श्रेणी वरची असेल तर संगीत, खालची असेल तर नाही. हेल्महोल्ट्झच्या कंपनांपासून निघालेली गाडी शेवटी वेतनश्रेणीवर येऊन थांबली.

पेटीचे स्वर दुरुस्त करायची हौस अजून फिटलेली नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक, गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य, यांनी एकविसाव्या शतकात बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली. देवल-क्लेमंट्सना जे शंभर वर्षांपूर्वी साधायचं होतं ते तिच्यात बरंच साधलंय. तरी मैफलीला जा, तिथे मांडीपुढे बहुतेक जुनीच बारा स्वरांची पेटी दिसेल. पेटीवाल्यांनी तिच्या खोडी इतक्या पिढ्या सांभाळून घेतल्यात, की आता त्या खोडींवरच त्यांचं कसब उभं आहे.

२०१६मध्ये भारत सरकारने तुळशीदास बोरकरांना पद्मश्री दिली, हार्मोनियमवादक म्हणून. सहा वर्षांनी अमृतसरला अकाल तख्ताने सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून हार्मोनियम तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून जुनी तंतुवाद्यं आणावीत असं सुचवलं. फोल्ड्सचे सगळे मुद्दे पुन्हा निघाले, आणि जोडीला हे वाद्य इंग्रजांनी आपल्या माथी मारलं असंही बोललं गेलं. वाद्य फ्रेंच आहे, आणि त्यावर बंदी घालणारा तेवढा इंग्रज होता.